लंडनच्या किल्ल्यातील दोन राजपुत्र

खुनाच्या तपासात ‘मारिले कोणी?’ हा प्रश्न दुसरा; ‘मेले कोण?’ हा पहिला. प्रेत कोणाचे हे निश्चित झाल्यावाचून मारेकऱ्याच्या नावाची चर्चा करू लागणे म्हणजे पाया घालण्यापूर्वीच कळस चढविण्यासारखे आहे, हे कोणीही समंजस मनुष्य कबूल करील. परंतु इंग्लंडच्या इतिहासात असा एक दुहेरी खून आहे की, ज्याच्या बाबतीत हा क्रम पाचशे वर्षे उलटाच चालत आला. आरोपी कोण ह्याविषयी नाटके झाली, ग्रंथ झाले, मंडळे स्थापन झाली, दूरचित्रवाणीवर न्यायालयही भरले. आणि ज्यांच्या मरणावरून हा सारा कोलाहल, त्या दोन मुलांची म्हणून जी हाडे वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये ठेवली आहेत, ती त्यांचीच की काय, हे ठरविण्याचे काम मात्र मागेच पडले. ह्या खटल्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्यातील तपासाचा पुष्कळसा भार पेशाने इतिहासकार नसलेल्या माणसांनी वाहिला आहे. त्यांत कोणी दरबारी अधिकारी, कोणी पार्लमेंटचा सभासद, कोणी भूगोलवेत्ता, कोणी शल्यवैद्य, तर कोणी कादंबरीकर्त्री. ह्या हौशी शोधकांनी काय मिळविले आणि त्यांचा पाय कोठे घसरला, हे पाहणे इतिहासाची आवड असलेल्या कोणासही उद्बोधक वाटेल.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. इ. स. १४८३ च्या एप्रिल महिन्याच्या ९ तारखेस इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड मरण पावला. त्याच्या मागे राणी एलिझाबेथ वुडव्हिल, कित्येक मुली आणि दोन मुलगे राहिले. थोरला एडवर्ड बारा वर्षांचा. तोच पाचवा एडवर्ड म्हणून राजा झाला. धाकटा रिचर्ड, यॉर्कचा ड्यूक, नऊ वर्षांचा होता. राजा अल्पवयी असला म्हणजे राज्य कोणी चालवावयाचे हा प्रश्न उभा राहतो, आणि तो उभा राहिला की मातृपक्ष व पितृपक्ष ह्यांच्यात तेढ पडते, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही. बालराजा लंडनकडे येत असता ३० एप्रिल रोजी स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथे त्याचा चुलता, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड, ह्याने त्याला आपल्या ताब्यात घेतले व त्याच्या मामास कैद केले. ही वार्ता कळताच राणीने धाकट्या मुलास व मुलींस घेऊन वेस्टमिन्स्टरच्या धर्मस्थानाचा आश्रय घेतला. मे महिन्यात थोरल्या राजपुत्रास लंडनच्या किल्ल्यात, म्हणजे ज्यास इंग्रज नुसते ‘टॉवर’ म्हणतात तेथे, ठेवण्यात आले. टॉवर हे त्या काळी केवळ बंदीगृह नव्हते. तो राजवाडाही होता, आणि राज्याभिषेकापूर्वी राजाने तेथे मुक्काम करावा असा रिवाजच होता. तेव्हा ह्या मुक्कामात आरंभी कोणास काही वावगे वाटले नसल्यास नवल नाही.

पुढे मात्र घटना फार वेगाने घडल्या. १३ जून रोजी मृत राजाचा जिवलग लॉर्ड हेस्टिंग्ज ह्याचा, चौकशीचे नावही न घेता, शिरच्छेद झाला. १६ जून रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपने राणीची समजूत घालून धाकट्या मुलास धर्मस्थानातून बाहेर काढले व तो भावाकडे टॉवरमध्ये गेला. २२ जून रोजी लंडनात जाहीर प्रवचन झाले की, चौथ्या एडवर्डने राणीशी लग्न करण्यापूर्वीच दुसऱ्या एका स्त्रीस वचन दिले होते, सबब हे लग्न अवैध व मुले अनौरस. २६ जून रोजी चुलत्याने राज्य स्वीकारले, आणि ६ जुलै रोजी तिसरा रिचर्ड म्हणून त्यास राज्याभिषेक झाला. त्यानंतर ती दोन मुले टॉवरच्या बागेत बाण मारताना व खेळताना काही वेळा लोकांच्या दृष्टीस पडली, असे लंडनच्या एका समकालीन वृत्तग्रंथात नमूद आहे. मग ती दिसेनाशी झाली. ती जिवंत बाहेर पडली असे कोणी सिद्ध केले नाही, आणि ती मेली असेही कोणी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले नाही.

मराठी वाचकास येथे शनिवारवाड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही पुतण्या होता, चुलता होता आणि मसनद होती. परंतु १७७३ च्या त्या प्रकरणात प्रेत समोर होते, तलवार चालविणारे गारदी ठाऊक होते. वाद होता तो हुकूम कोणाचा व किती, एवढ्यापुरता. लंडनच्या प्रकरणात प्रेत नाही, हत्यार नाही, साक्षीदार नाही. आहे ती केवळ अनुपस्थिती. आणि अनुपस्थितीतून मनुष्याचे मन जे हवे ते वाचू शकते.

समकालीन साधनांपैकी सर्वांत मोलाचे म्हणजे डॉमिनिक मान्चिनी नावाच्या एका इटालियन गृहस्थाचे टिपण. हा त्या धामधुमीत लंडनास होता, आणि जुलै महिन्यात परत गेल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने पाहिलेले व ऐकलेले लॅटिनमध्ये लिहून काढले. तो सांगतो की, दोन्ही मुलांस किल्ल्याच्या आतल्या भागात नेण्यात आले, खिडक्यांच्या गजांआडून ती दिवसेंदिवस कमी दिसू लागली व शेवटी मुळीच दिसेनाशी झाली. बालराजाजवळ शेवटपर्यंत राहिलेला वैद्य जॉन अर्जेंटाइन ह्याच्याकडून मान्चिनीस असेही कळले की, तो मुलगा आपले मरण जवळ आले असे मानून रोज पापनिवेदन करीत असे. ह्या सबंध प्रकरणात त्या मुलाच्या मनाची खूण सापडते ती एवढ्याच ठिकाणी. मान्चिनीने लोकांना रडताना पाहिले. खुनाचा संशयही ऐकला. पण मुले मारली की नाही व कशी, हे आपणास कळले नाही असे तो स्पष्ट म्हणतो. असा साक्षीदार विरळा. दुर्दैवाने हे टिपण फ्रान्समधील लील येथील ग्रंथालयात कोणाच्या लक्षात न येता पडून राहिले होते. ते १९३४ साली सापडले व १९३६ साली छापले गेले. म्हणजे साडेचार शतके हा वाद चालला तो ह्या साक्षीवाचून चालला.

त्या साक्षीची जागा घेतली ती सर थॉमस मोरच्या ग्रंथाने. आपल्याकडे बखरी आणि अस्सल कागद ह्यांच्यात जो फरक इतिहाससंशोधक करतात, तो येथे लावून पाहण्यासारखा आहे. मोर हा थोर पुरुष होता, पण १४८३ साली तो पाच वर्षांचा होता. त्याने सुमारे तीस वर्षांनी लिहिलेली हकीकत अशी: राजाने सर जेम्स टिरेल ह्यास पाठविले, टिरेलच्या सांगण्यावरून माइल्स फॉरेस्ट व जॉन डायटन ह्या दोघांनी मध्यरात्री मुलांस गाद्याउशांखाली गुदमरवून मारिले, प्रेते जिन्याच्या पायथ्याशी खोल पुरून वर दगड रचिले. टिरेल १५०२ साली निराळ्याच राजद्रोहासाठी फासावर नव्हे, तर कुऱ्हाडीखाली गेला, आणि त्यापूर्वी त्याने हा गुन्हा कबूल केला, असे मोर म्हणतो. त्या कबुलीजबाबाचा कागद मात्र कोणी पाहिलेला नाही. मोरचा ग्रंथ अपुरा राहिला, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, आणि पुढे शेक्सपिअरने त्याच्यावरून असा काही राक्षस रंगभूमीवर उभा केला की, त्यानंतर इतिहासाचे काही चालेना.

येथे एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे, कारण पुढील सारा घोटाळा तिच्यातच आहे. मोर जिन्याखालच्या खड्ड्याशी थांबत नाही. राजास ती जागा हलकी वाटली म्हणून एका धर्मोपदेशकाकडून प्रेते उकरून दुसरीकडे गुप्तपणे पुरविली, आणि तो धर्मोपदेशक मेल्यामुळे ती जागा कोणासच ठाऊक राहिली नाही, असे तोच पुढे सांगतो.

आता १६७४ साली काय झाले ते पाहू. १७ जुलै रोजी टॉवरमधील मुख्य बुरुजाच्या बाहेरचा, प्रार्थनामंदिराकडे जाणारा एक जिना पाडण्याचे काम चालू असता मजुरांना सुमारे दहा फूट खोलीवर एक लाकडी पेटी लागली. तीत दोन मुलांची हाडे होती. मजुरांनी ती प्रथम कचऱ्याच्या ढिगावर टाकिली. नंतर कोणाच्या तरी लक्षात येऊन ती पुन्हा गोळा करण्यात आली. जिना आणि दोन मुले एवढे दिसताच मोरचे पहिले वाक्य लोकांना आठवले आणि दुसरे ते विसरले. दुसऱ्या चार्ल्स राजाने प्रख्यात वास्तुशिल्पी ख्रिस्टोफर रेन ह्याजकडून संगमरवरी कलश करवून १६७८ साली ती हाडे वेस्टमिन्स्टर अॅबेत, सातव्या हेन्रीच्या मंदिरात, ठेवविली. कलशाखालच्या लॅटिन लेखात मुलांची नावे आहेत, मरणाचा प्रकार आहे आणि खुनी चुलत्याचे नावही आहे. म्हणजे ओळख, कारण आणि आरोपी ह्या तिन्ही गोष्टींचा निवाडा एकाच दगडावर एकाच वेळी कोरला गेला. वस्तुतः टॉवरच्या जागेवर रोमन काळापासून वस्ती होती. विसाव्या शतकात तेथेच उत्खनन करताना लोहयुगातील एका किशोराचा सांगाडाही निघाला आहे. तेथील मातीत हाड सापडणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे.

हौशी शोधकांचा उदय मात्र ह्या कलशाच्याही आधीचा आहे. पहिल्या जेम्स राजाच्या दरबारी करमणुकीच्या खात्याचा मुख्य असलेला सर जॉर्ज बक ह्याने १६१९ साली रिचर्डच्या बाजूचा पहिला ग्रंथ लिहिला. त्याचा घराण्याचा अभिमान त्यात डोकावतो हे खरे. पण त्याने एक मोठे काम केले. मुलांस अनौरस ठरविणारा १४८४ चा पार्लमेंटचा ठराव सातव्या हेन्रीने रद्द करून त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम सोडला होता. तो ठराव बकने पुन्हा उजेडात आणिला. १७६८ साली होरेस वॉलपोल ह्याने आपल्या शंकांचे पुस्तक प्रसिद्ध केले. वॉलपोल पार्लमेंटचा सभासद व विनोदी पत्रलेखक. पण त्याचा प्रश्न अस्सल वकिलाचा होता: एका मनुष्यावर लादलेल्या एवढ्या सगळ्या खुनांपैकी प्रत्येकात त्याचा लाभ काय होता, आणि सांगणाराचा लाभ काय होता? १९०६ साली सर क्लेमेंट्स मार्कम ह्याने थेट सातव्या हेन्रीवरच खुनाचा आरोप ठेविला. हा तोच मार्कम, ज्याने १८६० च्या सुमारास पेरू देशातून सिंकोनाची रोपे आणवून निलगिरीवर लावविली. हिंदुस्थानात हिवतापाने अंथरुणास खिळलेल्या कित्येकांना कोयनेल मिळाले ते ह्या उद्योगामुळे. भूगोल हा त्याचा व्यवसाय आणि रिचर्ड हा छंद. त्या छंदापायी जेम्स गेर्डनरसारख्या जाणत्या इतिहासकाराशी त्याने इतिहासविषयक नियतकालिकात जाहीर वाद घातला.

१९२४ साली सॅक्सन बार्टन नावाच्या लिव्हरपूलच्या शल्यवैद्याने काही मित्रांसह ‘श्वेत वराह मंडळ’ स्थापिले. पांढरा रानडुक्कर हे रिचर्डचे चिन्ह. पुढे त्याचेच ‘तिसरा रिचर्ड मंडळ’ असे नामांतर झाले. १९५१ साली जोसेफिन टे ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या स्कॉटिश लेखिकेची एक कादंबरी निघाली. तीत पाय मोडून रुग्णालयात पडलेला एक पोलीस अंमलदार रिचर्डचे चित्र पाहतो, हा चेहरा खुनी माणसाचा नव्हे असे त्यास वाटते, आणि पलंगावर पडल्यापडल्या पुस्तके मागवून तो पाचशे वर्षांपूर्वीचा तपास करितो. ह्या कादंबरीने जेवढे हौशी शोधक निर्माण केले तेवढे कोणत्याही विद्यापीठाने केले नसतील.

ह्या मंडळींचे मुद्दे हलके लेखण्यासारखे नाहीत. राणीने १४८४ च्या मार्चमध्ये, रिचर्डने जाहीर शपथ घेतल्यावर, आपल्या मुली धर्मस्थानातून त्याच्या हवाली केल्या. मुलांच्या मारेकऱ्याच्या हाती आई मुली देईल काय? १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेल्यावर हेन्रीने त्याच्यावर जो ठराव केला, त्यात बालकांच्या रक्तपाताचा मोघम उल्लेख आहे. राजपुत्रांचे नाव नाही. मुलांच्या नावे त्याने जाहीर शोकविधीही केला नाही. उलट पक्षाचा एकच मुद्दा आहे, पण तो ह्या सर्वांस पुरून उरण्यासारखा आहे. १४८३ च्या शरद ऋतूत मुले मारली अशी बोलवा सर्वत्र पसरली, तिच्या बळावर बंड उठले, आणि १४८४ च्या जानेवारीत फ्रान्सच्या मुख्य प्रधानाने भर सभेत हा आरोप केला. तरीही रिचर्डने ती मुले लोकांस एकदा दाखविली नाहीत. १४८७ साली जेव्हा एका तोतयाने वॉरिकचा अर्ल असल्याची बतावणी केली, तेव्हा हेन्रीने खऱ्या वॉरिकला टॉवरमधून बाहेर काढून लंडनच्या रस्त्यांतून मिरविले. ज्याच्याजवळ जिवंत मुलगा असतो तो असे करितो.

असा वाद ऐन रंगात असताना १९३३ च्या जुलैमध्ये कलश उघडण्यात आला. अॅबेचे दप्तरदार लॉरेन्स टॅनर, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम राइट आणि दंतवैद्य जॉर्ज नॉर्थक्रॉफ्ट ह्यांनी हाडे तपासली. त्यांत जनावरांचीही हाडे मिसळलेली होती, व मजुरांच्या हातून पुष्कळशी नाहीशीही झाली होती. दातांच्या व हाडांच्या वाढीवरून थोरल्याचे वय बारा-तेरा व धाकट्याचे नऊ ते अकरा ठरले. थोरल्याच्या जबड्यात जुनाट रोगाची खूण आढळली. चेहऱ्याच्या हाडांवर एक डाग दिसला, तो गुदमरून मरण्याचा परिणाम असावा असे राइट ह्यांचे मत पडले. निर्णय असा की, ही हाडे राजपुत्रांचीच. हाडे पुन्हा कलशात ठेवून कलश बंद झाला.

ओळख पटली असे जाहीर होताच वाद मिटेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात तो दुप्पट पेटला, आणि त्याचे कारण कळले म्हणजे ह्या प्रकरणाचे मर्म कळते. एका पक्षाने हिशेब मांडला: १४८३ च्या अखेरीस राजपुत्रांची वये जवळजवळ हीच होती, सबब ती त्याच वर्षी मेली, त्या वर्षी राजा रिचर्ड होता, सबब खुनी रिचर्ड. दंतवैद्याच्या अंदाजावरून थेट गुन्हेगाराच्या नावापर्यंत हा जिना तीन पायऱ्यांत चढला गेला. परंतु हे वय राजपुत्रांच्या वयाशी ताडून पाहण्याचे कारण काय, तर ही हाडे राजपुत्रांची हे आधीच धरून चालले होते. आणि ती राजपुत्रांची कशावरून, तर वय जुळते म्हणून. ही प्रदक्षिणा झाली, प्रमाण नव्हे. हाडे मुलांची की मुलींची, हे सुद्धा ठरले नव्हते. ती कोणत्या शतकातील, हे सांगणारी किरणोत्सर्गी कर्बाची पद्धत निघावयास अजून पंधरा वर्षांवर अवकाश होता. डागाचा गुदमरण्याशी संबंध नाही असे पुढील तज्ज्ञांनी सांगितले. तरीही पाठ्यपुस्तकांतून निर्णय शिल्लक राहिला आणि त्याच्या अटी गळून पडल्या.

परंतु दुसऱ्या पक्षाचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. ओळखीच्या पुराव्यातील ही छिद्रे दाखविण्यात हौशी शोधकांनी जी तीक्ष्ण दृष्टी दाखविली, ती आपल्या बाजूच्या पुराव्यापुढे मंद होत असे. हाडे राजपुत्रांची ठरत नाहीत, एवढ्यावरून राजपुत्र मारलेच गेले नाहीत असे म्हणावयाचे; रिचर्डविरुद्ध मोरची ऐकीव साक्ष नको, पण हेन्रीविरुद्ध तेवढीही साक्ष नसताना मार्कमचा तर्क पुरे. १९८४ साली दूरचित्रवाणीवर रिचर्डचा लुटुपुटीचा खटला चालवून पंचांनी त्यास निर्दोष ठरविले. न्यायालयात ते योग्यच. पुरावा अपुरा असेल तर आरोपी सुटला पाहिजे. पण इतिहासात ‘सुटला’ म्हणजे ‘केले नाही’ असे होत नाही, हा भेद त्या आनंदात कोणी फारसा मनावर घेतला नाही.

दरम्यान १९६४ साली लंडनमध्ये मजुरांना एक शिशाची शवपेटी सापडली. ती धाकट्या राजपुत्राच्या बालवधूची, अॅन मोब्रे हिची, निघाली. चार वर्षांच्या वराशी पाचव्या वर्षी लग्न लागलेली ही मुलगी आठव्या वर्षी वारली होती. तिच्या जबड्यात काही दात जन्मतःच नव्हते, आणि कलशातील हाडांतही तसाच दोष होता. दोघांचे पूर्वज काही अंशी एकच. तेव्हा हा घराण्याचा वारसा असावा, असे अनुमान पुढे मांडले गेले. अनुमान आकर्षक आहे. परंतु असा दोष ज्यांचा राजघराण्याशी काडीचा संबंध नाही अशा सामान्य माणसांतही आढळतो.

मग २०१२ साल उजाडले. रिचर्ड मंडळातील फिलिपा लँग्ली ह्या बाईंनी कित्येक वर्षे चिकाटीने पाठपुरावा करून, पैसे जमवून, लेस्टर शहरातील एका मोटारी उभ्या करण्याच्या आवाराखाली विद्यापीठाकडून उत्खनन करविले. जुन्या मठाची ती जागा होती, आणि पहिल्याच दिवशी एक सांगाडा लागला. येथे ओळख कशी पटविली ते पाहण्यासारखे आहे. कर्बपद्धतीने काळ काढला. वय, लिंग व जखमा तपासल्या. आणि रिचर्डच्या बहिणीपासून केवळ स्त्रियांच्या द्वारे उतरलेल्या आजच्या वंशजांशी आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिले. ह्या वंशाचा माग पूर्वीच काढून ठेविला होता तोही मंडळातील एका इतिहासकाराने, जॉन अॅशडाउन-हिल ह्यांनी. सर्व पुरावा एकत्र घेता तो सांगाडा रिचर्डचाच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के, असा निष्कर्ष २०१४ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हौशी माणसांनी ध्यास घ्यावा व तज्ज्ञांनी तो कसोटीस लावावा, ह्याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आणि ह्याच सांगाड्याने आपल्या भक्तांना एक धडाही दिला. रिचर्ड वाकडा होता ही ट्यूडरांनी केलेली निंदा, असे त्याचे कैवारी पिढ्यान् पिढ्या प्रतिपादीत आले होते. मातीतून निघालेला कणा एका बाजूस स्पष्ट वळलेला होता. नाटकातील कुबड व वाळलेला हात ह्या गोष्टी खोट्या ठरल्या. पण शत्रूंच्या सांगण्यात मुळाशी काही सत्य होते हेही सिद्ध झाले. दोन्ही पक्षांना थोडे थोडे खोटे पाडणारा पुरावा हाच बहुधा खरा पुरावा असतो.

ह्या यशानंतर लँग्लीबाईंनी २०१६ साली राजपुत्रांचाच शोध हाती घेतला. युरोपातील दप्तरे शेकडो स्वयंसेवकांनी चाळली. २०२३ साली त्यांनी जाहीर केलेल्या कागदांत १४८७ ची एक पावती आहे. चौथ्या एडवर्डच्या मुलासाठी म्हणून ४०० भाल्यांचा पुरवठा झाल्याची. दुसरा कागद म्हणजे आपण टॉवरमधून कसे निसटलो ह्याचे धाकट्या राजपुत्राच्या तोंडचे निवेदन. कागद अस्सल असल्याचे धरले तरी प्रश्न उरतोच. तोतयाच्या पक्षाने तोतयास राजपुत्र म्हणावे ह्यात आश्चर्य ते कोणते? सदाशिवरावभाऊंचा तोतया ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. उलट दिशेने टिम थॉर्नटन ह्या प्राध्यापकांनी दाखविले की, मोर ज्यास मारेकरी म्हणतो त्या माइल्स फॉरेस्टचे मुलगे मोरच्याच काळी राजसेवेत वावरत होते. आणि टिरेलच्या नात्यातील एका स्त्रीच्या १५१६ च्या मृत्युपत्रात पाचव्या एडवर्डची म्हणून एक साखळी नमूद आहे. ह्याने मोरची बखर थोडी कागदाच्या जवळ आली एवढे खरे; पण साखळी हातात असणे म्हणजे खून हातून होणे नव्हे.

वास्तविक, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता आवाक्यात आले आहे. पितृवंशाची खूण रिचर्डच्या सांगाड्यातून मिळालेली आहे, आणि राजपुत्रांच्या आजोळच्या स्त्रीवंशाचा धागा अॅशडाउन-हिल ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत कलश पुन्हा उघडण्याची मागणी झाली, तिला परवानगी मिळाली नाही. मृतांची शांती भंग होऊ नये, आणि उत्तर नकारार्थी आले तर त्या हाडांचे करावयाचे काय, अशा अडचणी सांगितल्या जातात. पहिली अडचण आदरणीय आहे. पण ती हाडे जर दुसऱ्याच कोणा दोन मुलांची असतील, तर साडेतीन शतके परक्या नावाखाली त्यांना ठेवण्यात कोणता आदर आहे, ह्याचाही विचार झाला पाहिजे. कदाचित ती रोमन काळातील कोणा गरिबाची लेकरे असतील; त्यांचीही आई रडली असेल.

परीक्षा झाली तर काय निष्पन्न होईल, हे मात्र आजच नीट समजून घेतलेले बरे. हाडे राजपुत्रांची ठरली तर ती टॉवरमध्येच मेली व पुरली गेली एवढे निश्चित होईल, आणि पळून गेल्याच्या कथा संपतील. हुकूम रिचर्डचा, बकिंगहॅमचा की हेन्रीचा, हे हाड सांगणार नाही. हाडे त्यांची नसल्यास कलशावरचा लेख खोटा ठरेल, पण रिचर्ड निर्दोष ठरणार नाही. मुले न दाखविण्याचा त्याचा मौनदोष तसाच राहील. दोन्ही पक्षांनी हे आधी मान्य केले, तरच त्या परीक्षेचा उपयोग. नाहीतर १९३३ चीच पुनरावृत्ती होईल.

हौशी शोधकांचे ऋण मोठे आहे. नष्ट केलेला ठराव त्यांनी उजेडात आणला, सत्ताधीशांनी दगडावर कोरलेला निकाल त्यांनी निमूटपणे मानला नाही, आणि हरवलेला राजाही त्यांनीच शोधून काढला. त्यांचा दोष एवढाच की, त्यांनी बहुतेक वेळा न्यायाधीशाचे आसन सोडून वकिलाचा झगा चढविला. चारशे वर्षे त्यांनी एका प्रौढ राजाच्या अब्रूसाठी झगडण्यात घालविली, आणि त्याच्या विरोधकांनी ती अब्रू घेण्यात. ज्या बारा वर्षांच्या मुलाने खिडकीच्या गजांआड रोज मरणाची तयारी केली, आणि ज्या त्याच्या धाकट्या भावाला आईजवळून गोड बोलून नेले, त्यांची बाजू घेणारा वकील ह्या खटल्यात कोणी उभा राहिला नाही. त्यांच्या वतीने मागणे एकच आहे, आणि ते फार लहान आहे: आधी त्यांना त्यांचे नाव द्या, खुन्याचे नाव मागाहून पाहू.